मडीतला ताप

टीं, टीं, टीं.

घरात कुणी बोलत नव्हतं. सासऱ्यांच्या श्राद्धाचा दिवस. उजाडल्यापासून नुसता बादल्यांचा आणि पावलांचा आवाज. त्या गप्प घरात आतल्या खोलीच्या दाराआडून थर्मामीटर वाजला आणि मी हातातली केळीची पानं तशीच धरून उभी राहिले.

"आत्या, किती आहे?"

आम्ही पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी, आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. नात्यातच लग्नं लागायची त्या काळची सवय. माझं तसलं काही नातं नव्हतं, हाक तेवढी वाट्याला आली.

"असायचा तेवढा आहे," आतून उत्तर आलं. "तू पानं पूस."

"आकडा सांगा ना."

"आकडे तुझ्या शाळेत. मज अंघोळीस उशीर होतोय गे."

त्या बाहेर आल्या, थर्मामीटरची डबी फळीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता मोरीत गेल्या. गार पाण्याचे तांबे अंगावर पडताना ऐकू आले. एका तांब्यानंतर जरा थांबल्या. मला तेव्हाच दार वाजवायला हवं होतं असं आता वाटतं, पण दार वाजवून विचारणार काय? ज्या माणसाला आजाराचं नावच सांगितलेलं नाही, त्याला ताप लपवू नका हे कुठल्या तोंडानं बजावायचं?

अंघोळ झाली की त्या मडीत. मडी म्हणजे सोवळं. आदल्या दिवशी उंच दांडीवर वाळत घातलेली साडी काठीनं ओढून नेसायची, आणि मग ब्राह्मण जेवून पिंड होईपर्यंत कुणी शिवायचं नाही. तोवर पाणी नाही, गोळी तर नाहीच. नवऱ्याच्या श्राद्धाचा स्वयंपाक आत्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता. "त्यांच्या दिवसाचे वडे मी तळणार, मी गेले की मग तुमचं तुम्ही बघा," हे त्या दर वर्षी म्हणायच्या. दर वर्षी सगळे हसायचे. या वर्षी कुणाला हसू आलं नाही, आणि का आलं नाही हे घरात एकट्या त्यांनाच माहीत नव्हतं.

हे असं कसं झालं ते सांगते.

सहा महिने खोकला होता. पहिले चार महिने तो धुळीचा होता, मग हवेचा, मग "वयाचा". शेवटी तपासण्या झाल्या आणि डॉक्टर कनकलता यांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. खोलीत खुर्च्या तीन. एकीवर वैद्यनाथ काका, म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. दुसरीवर माझा नवरा श्रीकर. तिसरीवर मी. आणि जिच्या फुप्फुसाबद्दल बोलणं चाललं होतं ती बाई बाहेर बाकावर, माझ्या लेकीला, अखिलाला, बिस्किट भरवत.

डॉक्टरांनी नीट समजावलं, ते नाकारत नाही. कॅन्सर फुप्फुसाचा आहे, आता एका जागी राहिलेला नाही, म्हणून ऑपरेशन नाही. फुप्फुसातून काढलेल्या तुकड्यातल्या जनुकांची तपासणी करायची. त्यात ठरावीक बदल सापडला तर रोज एक गोळी, ड्रिप लागणार नाही. नाही सापडला तर दर तीन आठवड्यांनी दोन औषधांचं ड्रिप, म्हणजे केमो. आणि आणखी एक वाट असते, ती म्हणजे केमो न घेता श्वास, खोकला, दुखणं एवढंच नीट सांभाळायचं. "आजार मुळासकट जाईल असं कशानंच होणार नाही," त्या म्हणाल्या. "वेळ मिळेल, तो बरा जाईल असं बघू. यातलं काय घ्यायचं ते पेशंटनं ठरवायचं असतं. त्यांना माहीत आहे ना?"

"नो, नो," काका पुढे सरकले. "वहिनींचं मन फार हळवं आहे, डॉक्टर. ऐकूनच जायच्या."

मी म्हटलं, "काका, आत्यांनी एक मूल पुरलंय. नवऱ्याला मांडीवर जाताना पाहिलंय. त्या हळव्या?"

"वाणी," श्रीकर हळूच म्हणाला. मी गप्प बसावं म्हणून तो असाच माझं नाव घेतो.

"पोरी, तू गणित शिकव," काका हसत म्हणाले. "माणसं आम्ही बघतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. त्या काही म्हणतील असं वाटलं. बाहेर रांग होती. त्यांनी पुढची फाइल ओढली.

निघताना एका शिकाऊ डॉक्टरनं बाहेर आत्यांना विचारलं, पाटी, म्हणजे आजी, विडी-सिगारेट ओढता का? आत्यांना इतकं हसू आलं की खोकल्याची उबळ आली. तिरुवैयारूच्या माहेरी भुशाच्या चुलीपुढे आणि इथे लाकडाच्या, एवढाच धूर त्यांनी जन्मात ओढला. सिगारेट सासरे ओढायचे. दार लावून, पंखा बंद करून, झोपाळ्यावर बसून, आणि शेजारी बसून पान लावायला बायको लागायची. कशामुळे झालं ते आता कुणी छातीठोक सांगू शकत नाही असं डॉक्टर म्हणाल्या. मीही सांगत नाही. पण तो प्रश्न त्यांना विचारला गेला, आणि ज्यांना विचारायला हवा होता त्यांचा फोटो चंदनाचा हार घालून भिंतीवर होता, एवढं मी विसरत नाही.

तपासणीत तो बदल सापडला नाही. म्हणून केमो. आत्यांना सांगितलं, फुप्फुसात पाणी झालंय, त्याचं इन्फेक्शन, हे ताकदीचं सलाइन. या औषधांनी केस विरळ होतात, पण सगळे जातातच असं नाही. त्यांचे राहिले. केस गेले असते तर त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं असतं. केस राहिले म्हणून खोटंही राहिलं.

मी शाळेतून रजा घेतली आणि बाकीचं सगळं माझ्याकडे आलं. अखिला शाळेत गेली की आणि झोपली की मी वाचायचे, विचारायचे, करायचे. ड्रिपनंतर मळमळीची गोळी उलटीची वाट न बघता, ठरलेल्या वेळीच द्यायची. फोडणीचा वास सहन होत नाही म्हणून त्या माजघरात असताना मी फोडणी करत नव्हते. ताटभर जेवणाऐवजी दर दोन तासांनी वाटीभर, कधी मऊ भात, कधी इडली, आणि सगळं जरा निवलेलं, कारण गरम अन्नाचा वास जास्त. तोंड आलं तर मिठाच्या पाण्यानं चुळा, तिखट बंद. फॉलिक ॲसिडची गोळी रोज न चुकता, नाहीतर ड्रिपमधलं औषधच तोंड आणि रक्त दोन्ही बिघडवतं. आत्या तिला "वाणीची पिवळी गोळी" म्हणायच्या आणि माझ्यावर उपकार म्हणून घ्यायच्या. एकादशीला घ्यायच्या नाहीत. "विटॅमिन एक दिवस न घेतल्यानं कोण मरतं?" त्या विचारायच्या, आणि मला उत्तर द्यायला मनाई होती.

आणि ताप. डॉक्टरांनी हे मला दोनदा सांगितलं होतं. ड्रिपनंतर दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात, अंगात लढायला कुणी उरत नाही. शंभरच्या वर थोडा जरी ताप गेला तर घरी गोळी देऊन बघत बसू नका, तडक या. मी आत्यांना म्हटलं, ताप आला तर लगेच मला सांगायचं. त्या म्हणाल्या, "ताप कोणास येत नाही?" मी श्रीकरकडे बघितलं. तो वर्तमानपत्रात बघत होता.

कारण काढून घेतलं की नियमाचं काय उरतं? सुनेची कटकट उरते.

श्राद्ध नेमकं त्या दुसऱ्या आठवड्यात आलं. मी म्हटलं स्वयंपाकी बोलावू. काका म्हणाले, वहिनींना संशय येईल, दर वर्षीसारखं होऊ दे. त्यांचं खोटं टिकवण्यासाठी त्या बाईनं सकाळभर गॅसपुढे उभं राहायचं!

तर त्या दिवशी वाध्यार, म्हणजे आमचे भटजी, दहाच्या सुमारास आले. दोन ब्राह्मण आले. श्रीकर ओल्या धोतरात, बोटात दर्भाचं पवित्र घालून पाटावर बसला. मंत्र सुरू झाले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर मी, आणि माझ्या पदराला धरून अखिला, कारण आत तिला प्रवेश नाही आणि पिंड होईपर्यंत खायलाही काही नाही. सहा वर्षांच्या पोरीला भूक लागली होती, तेवढ्यासाठी ती वड्यांकडे टक लावून बघत होती. म्हणून तिलाच आधी दिसलं.

"अम्मा, आजी डान्स करतेय."

"काय?"

"तिचे हात बघ."

आत्यांचे हात थरथरत होते. झारा कढईच्या काठावर टकटक वाजत होता. तापलेल्या तेलापुढे उभ्या असलेल्या बाईला हुडहुडी भरली होती. ओठ निळसर. त्यांनी एक वडा थापला, तेलात सोडला, आणि दुसरा हात भिंतीला टेकवला.

"आत्या, सकाळी किती होता?"

"शिवू नकोस हं. चार वडे राहिलेत."

"किती होता?"

"एकशे एक की काय," त्या म्हणाल्या, जणू शेजारणीच्या तापाबद्दल बोलत होत्या. "काल रात्री अंग कसकसलं, तेव्हा डब्यातली तापाची गोळी घेतली. उतरेल म्हटलं. आज मडीत काय घेणार? पिंड झाले की घेते. तू कशास घाबरतेस एवढी?"

मी ओसरीकडे वळून मोठ्यानं म्हटलं, "श्रीकर, आत्यांना ताप आहे. हॉस्पिटलात न्यायचंय. आत्ता."

मंत्र थांबले. श्रीकरनं मान वर केली, तोंड उघडलं, आणि काकांकडे बघितलं. पाटावरून उठला नाही.

"अर्धा तास," काका हात वर करून म्हणाले. "ब्राह्मण जेवतील, पिंड होतील. मग मीच गाडी बोलावतो. आत्ता तू वहिनींना शिवलीस तर सगळा स्वयंपाक बाटला. वर्षाचं श्राद्ध बुडेल, वाणी. दादाला काय सांगणार?"

"तुम्ही त्यांना सांगा," मी भिंतीवरच्या फोटोकडे हात करून म्हटलं. "तुम्हाला बरंच सांगता येतं. आत्यांना इतके महिने सांगताच आहात."

"जीभ सांभाळ."

मी उंबरा ओलांडला. आत्या "नको, नको गे" म्हणत मागे सरल्या, इतक्या की कढईला धक्का लागेल असं वाटलं. मी गॅस बंद केला आणि त्यांचे दोन्ही दंड धरले. ओल्या केसांखाली अंग असं तापलं होतं की माझ्याच हातांनी क्षणभर माघार घेतली. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. रागानं नाही बघितलं. चाळीस वर्षं जपलेलं एक भांडं माझ्या हातून फुटलं होतं, आणि फोडणारी घरचीच होती, तसं बघितलं.

"बाटवलंस गे," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर कलंडल्या.

काका ओरडत होते. अखिला रडत होती. आणि वाध्यार, कपाळावरचा घाम पुसत, अगदी सहज म्हणाले, "ओरडू नका. शिजवलेलं चालत नसेल तर तांदूळ, कच्ची केळी, भाज्या द्यायच्या. तसं करायची सोय शास्त्रातच आहे. घरात आजारपण असलं तर आम्ही कितीदा करतो. मला आधी सांगायचं ना."

आधी सांगायचं ना! त्यांनाही सांगितलं नव्हतं. अशी सोय होतीच, आणि ती कुणालाच मिळू नये एवढी चोख व्यवस्था आम्ही केली होती.

मेल वीदी रस्त्याच्या कोपऱ्यावरून ऑटो मिळाला. शेजारच्या अक्कांनी अखिलाला ओढून घेतलं. ऑटोत आत्यांनी माझ्या पदराला आपली मडीची साडी लागू नये म्हणून पाय आखडून घेतले. बाटलेल्या साडीचंही त्यांना भान होतं, तापाचं नव्हतं.

हॉस्पिटलात रक्त घेतलं, शिरेतून अँटिबायोटिक लावलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. आणखी काही तास गेले असते तर काय झालं असतं ते डॉक्टर कनकलता सांगू लागल्या, मी म्हटलं, मला नको, काकांना सांगा.

श्रीकर दुपारी आला. बोटात दर्भाचं पवित्र तसंच. कोपऱ्यात उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वाटीतून कांजी भरवत होते, तेव्हा आत्यांनी चमचा हातानं थांबवला.

"वाणी, पलीकडच्या खाटेवरची बाई डोक्यास रुमाल बांधते. तिलाही ताकदीचंच सलाइन लावतात. तीच बाटली, तोच काळा कागद गुंडाळलेला."

मी चमचा वाटीत ठेवला.

"तिला विचारलं. ती म्हणाली, पाटी, तुम्हालाही कॅन्सरच ना?"

श्रीकर उठून खिडकीकडे गेला. मी वाटी खाली ठेवली.

"होय," मी म्हटलं. "फुप्फुसाचा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता रडतील. काकांनी सांगितलेलं सगळं आता खरं ठरेल, असंही क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू. पण डोळे उघडले तेव्हा त्या चिडलेल्या होत्या. अशा चिडलेल्या मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"श्रीकर, इकडे ये. तिकडे काय बघतोस, बसस्टँड?"

तो आला.

"मी वडे का तळत राहिले ठाऊक आहे? मज वाटलं, साधा ताप. साध्या तापापायी तुझ्या अप्पांचा दिवस मोडावा, एवढी का मी लाडावलेली? कॅन्सर म्हणून सांगितलं असतंस तर मी झारा टाकून पहिली ऑटोत बसले असते. मज मरायचं नव्हतं रे. मज कोणी विचारलंच नाही."

"आई, तुला त्रास होईल म्हणून..."

"मज की तुज?" आत्या म्हणाल्या. "माझं रडणं बघायचं भय तुम्हास. म्हणून मज गप्प ठेवलंत, की तुम्ही गप्प राहाल." खोकला आला, तो जाऊ दिला. मग एकदम हसल्या. "आणि गंमत बघ. ओढली त्यांनी, झोपाळ्यावर बसून. खोकला मज. वर वडेही मीच तळते!"

श्रीकरला हसावं की रडावं कळेना. बोटातून काढून खिशात ठेवलेलं ते वाळलेलं पवित्र तो उगाच चाचपत राहिला.

दुपारी डॉक्टर आल्या तेव्हा खुर्च्या कुणी मोजल्या नाहीत. आत्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि प्रश्न त्याच विचारत होत्या. डॉक्टर तमिळमध्ये, हळू, त्यांच्याकडे बघून सांगत होत्या. पुढचं ड्रिप लांबवायचं, पेशी वर आल्यावर, मात्रा कमी करून द्यायचं. पेशी पडू नयेत म्हणून नंतर एक इंजेक्शन देता येतं, त्यानं हाडं दुखतात. किंवा दोनातलं एकच औषध चालू ठेवायचं. किंवा ड्रिप बंद करून नुसता खोकला आणि धाप सांभाळायची, तीही उपचाराचीच एक रीत आहे, हरणं नव्हे.

"बंद केलं तर किती दिवस?" आत्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी आत्यांकडे बोट दाखवलं.

"नक्की कुणालाच सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घेतलं तर बहुधा जास्त. सोसलं नाही तर थांबायचं, ते तुम्ही म्हणाल तेव्हा."

"मी म्हणेन तेव्हा?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

आत्यांनी ते दोनदा मनात वाजवून बघितल्यासारखं केलं. "कमी मात्रेचं द्या. छायाचित्र काढाल ना पुन्हा, आत काय चाललंय त्याचं? ते बघून पुढचं मी ठरवीन. आणि एकादशीस पिवळी गोळी घेईन. देवास कळतं सगळं, या माणसांना कळत नाही."

काका दोन दिवसांनी फळं घेऊन आले. आत्यांनी त्यांना बसायला सांगितलं आणि विचारलं, "वैद्या, तुझं ब्लड प्रेशर कसं आहे? खरं आहे, की डॉक्टर तुझ्या मुलास वेगळं सांगतो?" काका चहा न पिता गेले. त्यांना अजून वाटतं की मी घर मोडलं. वाटू दे. श्राद्ध मोडलं नाही, तांदूळ आणि केळी देऊन झालं. आणि जिच्या हातचं झालं नाही ती घरी परत आली. माझा राग मात्र गेलेला नाही. तो कामाला येतो, पुढच्या ड्रिपच्या आधी पुन्हा लागणार आहे.

घरी आल्यावर मी अखिलाला जवळ घेतलं. तिला मराठी सगळं समजतं, बोलताना मध्येच तमिळमध्ये शिरते. तिला म्हटलं, आजीला कॅन्सर आहे, आणि या घरात आता कुणी कुणाला खोटं सांगायचं नाही. मीही नाही.

तिनं जरा विचार केला.

"तो मला लागेल?"

"नाही. तो लागत नाही."

"तू आजीला शिवलीस म्हणून झाला?"

"नाही गं. शिवल्यानं काहीच होत नाही."

"मग काका का ओरडले?"

"ते घाबरले होते."

आतल्या खोलीत थर्मामीटर वाजला. लगेच आत्यांचा आवाज आला, सगळ्या घराला ऐकू जाईल असा. "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार! लिहून घे गे, गणिताच्या टीचर!"

अखिला खुदकन हसली. मीही. मग ती माझ्या मांडीवरून उतरली, भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोपाशी जाऊन उभी राहिली, आणि वळून मला विचारलं,

"अम्मा, तू खरं सांगते म्हणालीस ना? मग पुढच्या वर्षी वडे कोण तळणार?"